पराभव पचवलेला प्रशिक्षक

एखादी विद्या ज्या भूमीत जन्मली, त्याच भूमीतील माणसांना त्या विद्येत परक्यांकडून हार पत्करावी लागली, तर त्या समाजाची मोठी परीक्षा होते. अशा वेळी तीन वाटा समोर असतात. पंचांना आणि नियमांना दोष देत बसावे, ही पहिली. ‘खरी विद्या आमच्याकडेच आहे, जग शिकते ते विकृत रूप आहे’ असे म्हणून दार लावून घ्यावे, ही दुसरी. तिसरी वाट अवघड आहे. जिंकणाऱ्याच्या घरी जावे, तो काय शिकला ते पाहावे आणि परत येऊन आपले घर झाडून स्वच्छ करावे. जपानच्या ज्यूदोने तिसरी वाट कशी धरली, आणि त्या वाटेवर पुढे चालणारा माणूस कसा घडला, याचा विचार आज करायचा आहे. त्या माणसाचे नाव कोसेई इनोऊए. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला हा मल्ल पुढे नऊ वर्षे जपानच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक होता.

आपल्याकडे कराटे आणि ज्यूदो ही दोन्ही नावे एका दमात घेतली जातात. दोन्हींचा पांढरा वेष आणि पट्ट्यांचे रंग सारखे दिसतात, म्हणून हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु कराटेचा भर हातापायांच्या प्रहारावर आहे. ज्यूदो ही पकडीची आणि फेकीची विद्या आहे. प्रतिस्पर्ध्याच्या अंगरख्याला धरून, त्याचा तोल मोडून, त्याला वेगाने पाठीवर आपटले की ‘इप्पोन’ होतो, म्हणजे डाव तिथेच संपतो. आपल्या तालमीच्या भाषेत सांगायचे तर चीतपट. त्यामुळे महाराष्ट्रातील कुस्तीवेड्या माणसाला ज्यूदो समजायला फार वेळ लागत नाही.

विद्येचे माहेर

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो हे एक शिक्षक होते. १८६० साली जन्मलेल्या कानोंनी जुन्या जुजुत्सूच्या अनेक घराण्यांचा अभ्यास केला आणि १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या १२ चटयांच्या जागेत, ‘कोदोकान’ची स्थापना केली. तो काळ जपानमध्ये जे जुने ते टाकाऊ मानण्याचा होता. सामुराई वर्गाचे अधिकार गेले होते आणि जुन्या युद्धविद्यांचे आचार्य निराधार झाले होते. कानोंनी त्या विद्येतील प्राणघातक भाग बाजूला काढला, तंत्राची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि नावातील ‘जुत्सू’ म्हणजे कसब हा शब्द काढून ‘दो’ म्हणजे मार्ग हा शब्द ठेवला. शक्तीचा सर्वोत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण, ही दोन सूत्रे त्यांनी शिष्यांपुढे ठेवली. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले आणि १९३८ मध्ये समितीच्या कैरो येथील बैठकीहून परतताना जहाजावरच त्यांचे निधन झाले. आपली विद्या जगाची व्हावी, हे त्यांचे स्वप्न होते.

ते स्वप्न साकार झाले, पण त्याची किंमतही जपानला मोजावी लागली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला. चार गटांपैकी तीन सुवर्णपदके जपानने जिंकली. परंतु ज्याला सर्वांत अधिक मान होता, त्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटन गेसिंक याने अकिओ कामिनागा याला दाबून धरले आणि निप्पोन बुदोकानमधील हजारो प्रेक्षक स्तब्ध झाले. आनंदाने बेभान झालेले आपले सहकारी चटईवर धावून येत आहेत, हे पाहून गेसिंकने हात वर करून त्यांना थांबवले. पराभूत प्रतिस्पर्ध्याचा आणि त्या जागेचा मान त्याने राखला. त्या एका हातवाऱ्याने जपानी माणसाला कळून चुकले की, हा परदेशी गडी नुसते डाव शिकलेला नाही, तो मार्ग शिकला आहे. पुढे फ्रान्समधील नोंदणीकृत ज्यूदोपटूंची संख्या पाच लाखांच्या घरात गेली आणि मूळ देशाला तिने कितीतरी मागे टाकले.

इथे आपल्या मातीशी जुळणारा एक धागा सांगितला पाहिजे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्या कांस्यपदकाच्या वाटेवर ज्या मल्लाशी त्यांची प्रदीर्घ झुंज झाली, तो सुवर्णविजेता जपानचा शोहाची इशिई. हा इशिई ज्यूदोतून कुस्तीकडे आलेला होता. कराडचा आखाडा आणि टोकियोची चटई यांची गाठ अशी फार पूर्वीच पडलेली आहे.

मियाझाकीचा मुलगा

कोसेई इनोऊएचा जन्म १५ मे १९७८ रोजी क्युशू बेटावरील मियाझाकी येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते आणि स्वतः ज्यूदोचे जाणकार होते. तीन भावांत कोसेई धाकटा. पाचव्या वर्षी त्याने चटईवर पाऊल टाकले. घरात शिस्त वडिलांची आणि माया आईची, अशी विभागणी होती.

त्या काळातील प्रत्येक जपानी मुलाप्रमाणे कोसेईचे दैवत होते यासुहिरो यामाशिता. सलग २०३ लढतींत अपराजित राहून निवृत्त झालेला हा महाकाय मल्ल. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पोटरीला दुखापत होऊनही त्याने खुल्या गटाचे सुवर्ण जिंकले होते. कोसेई पुढे तोकाई विद्यापीठाच्या शाळेत आणि मग त्याच विद्यापीठात शिकला. यामाशिता तेथेच होते आणि राष्ट्रीय पुरुष संघाचे प्रशिक्षकही तेच होते. दैवत मानलेला माणूस गुरू म्हणून लाभणे, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

कोसेईचा हुकमी डाव होता ‘उचिमाता’. प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही मांड्यांमधून आपला पाय आत घालायचा आणि कंबरेच्या पिळाने त्याला वर उचलून फेकायचे. आपल्याकडच्या टांग डावाची आठवण व्हावी असा हा डाव आहे. गुणांवर कशीबशी लढत काढायची, ही गोष्ट कोसेईच्या रक्तातच नव्हती. पकड घ्यायची, पुढे जायचे आणि चीतपट करायचे, हीच त्याची रीत.

१९९९ च्या जून महिन्यात त्याच्या आईचा अकस्मात मृत्यू झाला. वयाच्या २१ व्या वर्षी हा घाव सोसून त्याच वर्षी तो बर्मिंगहॅमला जगज्जेता झाला. पुढल्या वर्षी, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये, १०० किलो गटातील पाचही लढती त्याने इप्पोनने जिंकल्या. अंतिम लढतीत कॅनडाच्या निकोलस गिलला त्याने त्याच उचिमाताने फेकले. पदक स्वीकारण्यासाठी तो चौथऱ्यावर चढला, तेव्हा त्याच्या हातात आईचे छायाचित्र होते. ते चित्र जपानच्या घराघरांत पोहोचले. २००१ मध्ये म्युनिक आणि २००३ मध्ये ओसाका येथे तो पुन्हा जगज्जेता झाला. वजनगटांचे बंधन नसलेली आणि जपानमध्ये सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाणारी अखिल जपान स्पर्धा त्याने २००१ ते २००३ अशी सलग तीन वर्षे जिंकली. यश पायाशी लोळण घेणे म्हणजे काय, ते त्या तीन-चार वर्षांत त्याने अनुभवले.

अथेन्सचा दिवस

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला इनोऊए गेला तो जपानच्या संपूर्ण क्रीडापथकाचा कर्णधार म्हणून. त्याचे सुवर्णपदक सगळ्यांनी गृहीतच धरले होते. उपांत्यपूर्व फेरीत हॉलंडच्या एल्को व्हान डेर गेस्ट याने त्याला इप्पोनने हरवले. कांस्यपदकाची आशा शिल्लक होती, परंतु पुढच्या फेरीत अझरबैजानच्या मोव्हलूद मिरालियेवनेही त्याला फेकले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानने ज्यूदोत आठ सुवर्णपदके मिळवली आणि ज्याच्याकडे सर्वांचे डोळे लागले होते, तो मात्र रिकाम्या हाताने परतला.

त्यानंतरची चार वर्षे हा कसोटीचा काळ ठरला. २००५ च्या जानेवारीत कानो चषक त्याने जिंकला खरा, पण त्याच स्पर्धेत छातीचा मोठा स्नायू फाटला आणि शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ चटईपासून दूर राहावे लागले. परतल्यावर तो १०० किलोवरील गटात उतरला. २००७ मध्ये रिओ दि जानेरोच्या जागतिक स्पर्धेत १८ वर्षांच्या एका फ्रेंच तरुणाने त्याला हरवले. त्या तरुणाचे नाव टेडी रिनेर. पुढे जगाने ज्याला या खेळाचा सम्राट मानले, तोच हा.

२९ एप्रिल २००८. बीजिंग ऑलिंपिकचे दार उघडण्यासाठी अखिल जपान स्पर्धा जिंकणे इनोऊएला आवश्यक होते. उपांत्यपूर्व लढतीत तो अडचणीत आला. शेवटच्या क्षणी त्याने आपला जन्माचा सोबती असलेला डाव टाकला, उचिमाता. प्रतिस्पर्ध्याने तो चुकवला आणि इनोऊएला खाली दाबून धरले. लढत संपली आणि तिच्याबरोबर स्पर्धक म्हणून त्याची कारकीर्दही संपली. ज्या डावाने मोठे केले, त्याच डावावर अखेरची हार झाली. पण सावध खेळून गुण राखण्याचा विचार त्या क्षणीही त्याच्या मनाला शिवला नाही. जपानी प्रेक्षकांनी त्या पराभवाला दाद दिली ती यासाठीच.

जगज्जेता पुन्हा विद्यार्थी होतो

निवृत्तीनंतर अशा माणसासमोर सुखाच्या अनेक वाटा असतात. सत्कार असतात, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम असतात, कोठेतरी मानाचे पद असते. इनोऊए यांनी दुसरा मार्ग निवडला. जपानच्या ऑलिंपिक समितीच्या योजनेतून २००९ पासून दोन वर्षे ते ब्रिटनमध्ये राहिले, प्रथम एडिंबरा आणि नंतर लंडन. इंग्रजी भाषा शिकले आणि तिथल्या क्लबांमध्ये साध्या माणसांबरोबर सराव केला. युरोपात ज्यूदो हा मुलांच्या संगोपनाचा, शेजारपाजाऱ्यांच्या मैत्रीचा आणि नोकरीनंतरच्या विरंगुळ्याचा भाग आहे, हे त्यांनी जवळून पाहिले. तिथला प्रशिक्षक आज्ञा देतो तेव्हा तिचे कारणही सांगतो आणि शिष्य त्याला उलट प्रश्न विचारू शकतो.

आपल्या परंपरेत गुरूला प्रश्न विचारणे नवे नाही. उपनिषदांचा मोठा भाग प्रश्नोत्तरांतूनच उभा राहिला आहे आणि गीतेचा आरंभही एका शिष्याच्या शंकेतूनच झाला. परंतु परंपरा जुनी झाली की तिच्यातील प्रश्न गळून पडतात आणि नुसती आज्ञा उरते. जपानी ज्यूदोचेही तसेच झाले होते. सराव म्हणजे तासन्‌तास एकमेकांना फेकणे, जो अधिक सोसेल तो अधिक मोठा, दुखापत लपवणे म्हणजे शौर्य, अशा समजुती पक्क्या झाल्या होत्या.

सुवर्णाविना परतलेला संघ

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या समजुतींचा हिशेब झाला. ज्यूदो ऑलिंपिकमध्ये आल्यापासून जपानचा पुरुष संघ ज्या ज्या वेळी सहभागी झाला, त्या प्रत्येक वेळी किमान एक सुवर्ण घेऊन परतला होता. १९८८ मध्ये सोलला हितोशी साइतो यांनी एकट्याने ती लाज राखली होती. लंडनमध्ये मात्र पुरुषांना दोन रौप्य आणि दोन कांस्य एवढ्यावर समाधान मानावे लागले. महिला संघाचे एक सुवर्ण हीच जपानची सुवर्णपदकांची कमाई. प्रशिक्षक-वर्गात असल्यामुळे इनोऊए यांनी हा पराभव आतून पाहिला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाची धुरा त्यांच्याकडे आली.

ते स्थिरस्थावर होण्याच्या आतच दुसरा आघात झाला. महिला राष्ट्रीय संघाच्या १५ खेळाडूंनी आपल्या प्रशिक्षकांकडून मारहाण आणि अपमान होत असल्याची तक्रार जपानच्या ऑलिंपिक समितीकडे केली होती. २०१३ च्या जानेवारीत ही गोष्ट जाहीर झाली. थपडा मारणे, बांबूच्या तलवारीने मारणे असे प्रकार उघड झाले. महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावे लागले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महासंघाचे अध्यक्षही पायउतार झाले. परस्परांचे कल्याण हे ज्या विद्येचे सूत्र, तिच्याच राष्ट्रीय शिबिरात हे घडत होते.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगाकडे बोट दाखवून ‘जपानी लोक असेच’ असे म्हणून पुढे जाता येणार नाही. छडी वाजल्याशिवाय विद्या येत नाही, ही समजूत आपल्याही घरांत आणि आखाड्यांत मुरलेली आहे. कठोर साधना वेगळी आणि दुर्बळावर हात उगारणे वेगळे. पहिलीत गुरू शिष्याबरोबर स्वतःही तापतो. दुसऱ्यात तो आपले अपयश शिष्याच्या अंगावर काढतो. १५ मुलींनी बोलण्याचे धैर्य दाखवले, म्हणून त्या विद्येला स्वतःचा चेहरा आरशात पाहता आला. त्यांना संघटनेच्या शत्रू मानणारे त्या वेळीही होते. खरे म्हणजे संघटनेवर उपकार त्यांनीच केले.

घर झाडण्याचे काम

इनोऊए यांनी जे बदल केले, ते पाहिले म्हणजे त्यांच्या ब्रिटनमधील दोन वर्षांचे मोल कळते. जगभरचे मल्ल ज्यूदोत येताना आपापल्या मातीतील कुस्ती सोबत आणतात. रशियाकडे साम्बो आहे, मंगोलियाकडे बोख आहे, ब्राझीलकडे जमिनीवरील पकडींचे स्वतःचे शास्त्र आहे. ‘हे खरे ज्यूदो नव्हे’ असे म्हणून जपानी प्रशिक्षक नाक मुरडत. इनोऊए यांनी आपल्या खेळाडूंना हे प्रकार अभ्यासायला लावले. शत्रूचा डाव कळला की त्याचा उतारा सापडतो, एवढा साधा विचार त्यामागे होता.

दुसरा बदल शास्त्राचा. स्नायूंची ताकद, आहार आणि वजनाचे नियोजन यांसाठी त्या त्या विषयाचे तज्ज्ञ आणले गेले. प्रतिस्पर्ध्यांच्या लढतींची चित्रफीत आणि आकडेवारी यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. कोणता मल्ल कोणत्या हाताने पकड घेतो, लढतीच्या कोणत्या टप्प्यावर थकतो, कोणता पंच केव्हा ताकीद देतो, याचा लेखाजोखा ठेवला जाऊ लागला. प्रत्येक वजनगटाची जबाबदारी एकेका प्रशिक्षकाकडे सोपवली गेली. सगळी सूत्रे एका हातात ठेवण्याचा मोह मुख्य प्रशिक्षकाने आवरला.

तिसरा बदल मनाचा. खेळाडूंना त्यांनी सुलेखन आणि चहाविधीसारख्या जपानी कलांचा परिचय करून दिला. कुंचल्याची एक रेघ ओढताना चित्त किती स्थिर लागते, हे पदकांच्या मागे धावणाऱ्या तरुणाला कळावे, हा हेतू. परदेशातून शास्त्र घ्यायचे आणि स्वतःची मुळे आणखी खोल रुजवायची, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली होती. त्यांत त्यांना विरोध दिसला नाही, कारण कानो यांनीही हेच केले होते.

चौथी गोष्ट योजनेत बसणारी नव्हती. ६० किलो गटातील नाओहिसा ताकातो हा २०१३ चा जगज्जेता, अत्यंत गुणी पण वागण्यात बेफिकीर. २०१४ मध्ये वारंवार उशिरा येण्यासारख्या बेशिस्तीबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. प्रशिक्षकाने शिष्याला शिक्षा देऊन विषय संपवला असता, तरी कोणी बोल लावला नसता. इनोऊए यांनी स्वतःच्या डोक्यावरचे केस पूर्ण उतरवले. ‘तुझे वागणे बिघडले, याचा अर्थ माझे शिकवणे कमी पडले’, असे न बोलता सांगण्याची ही रीत होती. ताकातोला जे शंभर रागावण्यांनी कळले नसते, ते गुरूच्या त्या मुंडित मस्तकाने कळले. हा ताकातो पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

रिओ आणि टोकियो

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानच्या पुरुष संघाने सातही वजनगटांत पदके मिळवली. ७३ किलोत शोहेई ओनो आणि ९० किलोत माशू बेकर यांना सुवर्ण मिळाले, हिसायोशी हारासावाला टेडी रिनेरविरुद्ध रौप्य आणि उरलेल्या चौघांना कांस्य. चार वर्षांपूर्वी सुवर्णाविना परतलेल्या संघाचा एकही सदस्य या वेळी रिकाम्या हाताने परतला नाही. त्या चार कांस्यपदकांत एक ताकातोचे होते.

पुढचे ऑलिंपिक घरचे होते, टोकियोचे. २७ फेब्रुवारी २०२० रोजी संघाची घोषणा करण्यासाठी इनोऊए पत्रकारांसमोर आले. निवडलेल्या खेळाडूंची नावे सांगून झाली आणि त्यांचा कंठ दाटला. थोडक्यात संधी हुकलेल्या खेळाडूंचे चेहरेच आपल्या डोळ्यांसमोर येत आहेत, असे ते म्हणाले आणि त्यांतील काहींची नावे घेताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. विजयी यादी वाचणारे अनेक असतात. यादीबाहेर राहिलेल्यांनी किती वर्षे घाम गाळला आहे, हे देशाला सांगणारा प्रशिक्षक विरळा. अथेन्समध्ये रिकाम्या हाताने उभे राहण्याचे आणि २००८ मध्ये दार बंद होण्याचे दुःख ज्याने भोगले, त्यालाच ते सुचू शकते.

त्या दिवशी ६६ किलो गटाची जागा मोकळी ठेवली होती. हिफुमी आबे आणि जोशिरो मारुयामा हे दोघेही जगज्जेते, आणि जागा एकच. १३ डिसेंबर २०२० रोजी कोदोकानमध्ये, प्रेक्षकांविना, दोघांत एकच निर्णायक लढत झाली. एरवी चार मिनिटांची असणारी ती लढत २४ मिनिटे चालली आणि आबे जिंकला. पुढे टोकियोत त्याने सुवर्ण मिळवले तेव्हा त्या पदकात मारुयामाचाही वाटा होता, असेच जाणकारांना वाटले असणार.

महामारीमुळे एक वर्ष पुढे गेलेले ऑलिंपिक २०२१ च्या जुलैमध्ये रिकाम्या बुदोकानमध्ये सुरू झाले. पहिल्या दिवशी, २४ जुलैला, जपानचे या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक जिंकले ते ताकातोने. त्यापाठोपाठ आबे, ओनो आणि ताकानोरी नागासे. यांतील नागासे २०१७ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने खाली बसलेला आणि हळूहळू पुन्हा उभा राहिलेला. २९ जुलैला आरॉन वोल्फ याने १०० किलो गटाचे सुवर्ण जिंकले. या गटात जपानला याआधीचे सुवर्ण मिळाले होते ते २००० मध्ये, सिडनीला, आणि ते मिळवणारा होता कोसेई इनोऊए. २१ वर्षांनंतर त्याच गटातील रिकामी जागा शिष्याने भरून काढली. शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे म्हणतात. इथे शिष्य गुरूच्या बरोबरीला येऊन उभा राहिला, आणि गुरूला त्याहून मोठी दक्षिणा कोणती?

एकूण पाच सुवर्णपदके पुरुष संघाने मिळवली. सगळेच गोड झाले असे मात्र नाही. ९० किलोत शोइचिरो मुकाई लवकर बाद झाला, हारासावाचे पदक हुकले आणि अखेरच्या दिवशी मिश्र सांघिक स्पर्धेत फ्रान्सने जपानला ४-१ असे हरवले. परक्यांनी शिकलेली विद्या पुन्हा एकदा घरी येऊन आपले अस्तित्व सांगून गेली. त्या विद्येला मोठे होण्याचे वरदान कानो यांनीच दिलेले आहे, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

२०२१ च्या सप्टेंबरअखेर इनोऊए यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडले. यशाच्या शिखरावर असताना पद सोडणे ही गोष्ट बोलायला सोपी आहे. त्यांची जागा केइजी सुझुकी यांनी घेतली. हेच सुझुकी २००३ च्या अखिल जपान स्पर्धेच्या अंतिम लढतीत इनोऊए यांच्याकडून हरले होते आणि पुढच्याच वर्षी त्याच लढतीत त्यांनी इनोऊए यांना हरवले होते. एके काळच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती घडी बसवलेले घर सोपवून इनोऊए बाजूला झाले. वापरलेले ज्यूदोचे पोषाख गरजू देशांतील मुलांपर्यंत पोहोचवण्याचे यामाशितांनी सुरू केलेले कार्यही त्यांनी पुढे चालवले.

आपल्यासाठी काय?

या चरित्रातून घेण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. संघटनेत काम करणाऱ्यांनी आणि घरात मुले वाढवणाऱ्यांनी त्यांतील तीन विशेष लक्षात ठेवाव्यात.

पहिली, स्वाभिमान आणि शिकण्याची तयारी यांचे वैर नाही. आपली विद्या श्रेष्ठ आहे हा विश्वास ज्याचा पक्का असतो, तो दुसऱ्याच्या दारी शिकायला जाताना संकोचत नाही. भारतीय योग आज जगभर पोहोचला आहे. उद्या जगातील कोणी योगाचा अभ्यास आपल्यापेक्षा अधिक निष्ठेने आणि अधिक शास्त्रशुद्ध केला, तर आपण काय करणार? चिडणार, की वही घेऊन त्याच्यासमोर बसणार? जपानला या प्रश्नाचे उत्तर शोधायला १९६४ पासून जवळजवळ ५० वर्षे लागली. आपल्याला तेवढा वेळ लागू नये.

दुसरी, नेतृत्वाची खूण उत्तरदायित्वात असते. अनुयायाच्या यशाच्या वेळी मागे उभे राहणारा आणि त्याच्या चुकीच्या वेळी पुढे येणारा माणूसच माणसे घडवतो. केस उतरवणे हे निमित्त. प्रत्येक वडील, शिक्षक आणि कार्यकर्ता यांनी मूल किंवा सहकारी चुकला की क्षणभर स्वतःला विचारावे, यात आपले काय कमी पडले?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. समाज जिंकणाऱ्यांची आठवण ठेवतो आणि तसे करणे चुकीचेही नाही. परंतु कोणत्याही विजयाच्या पाठीमागे निवड न झालेली, सरावात रोज पाठीवर आपटून घेणारी, दुसऱ्याला घडवणारी शेकडो माणसे असतात. आपल्या तालमीतही मानाची गदा एकाच्या खांद्यावर येते. त्याच्याशी रोज लढणारे जोडीदार कोणाला आठवतात? आपल्या गावातील अशा एखाद्या जोडीदाराचे नाव आज घरी गेल्यावर मुलांना सांगावे. त्याला पदक नाही, पण चटई टिकून आहे ती त्याच्यामुळे.